ओल्या कापडाची घडी

घर भाड्याने देताना लोक पगाराची स्लिप मागतात, व्हिसा कधीपर्यंत आहे ते विचारतात, नॉनव्हेज करणार का ते आडून आडून काढून घेतात. काकांनी यातलं काहीच विचारलं नाही. अमेरिकेत, अ‍ॅशबर्नमधल्या आपल्या बेसमेंटच्या मधोमध त्यांनी मला उभं केलं, दिवा बंद केला आणि म्हणाले, "उत्तर दिशा कुठे आहे, हात करून दाखव."

मी खिशातला फोन काढायला लागले.

"फोन नको. डोकं वापर."

मी नागपूरची. ज्या भिंतीला संध्याकाळी हात लावता येत नाही ती पश्चिम, एवढ्या भूगोलावर आमचं आयुष्य निघतं. मी अंदाजाने वॉशिंग मशीनकडे हात केला. काकांनी दिवा लावला आणि माझ्या हाताकडे बघितलं. मग जिन्याच्या तोंडाशी उभ्या असलेल्या काकूंना म्हणाले, "साफ चुकली. पण ठाम चुकली. ठेवू या."

अशी मी त्यांच्या घरात राहायला आले, सहा महिन्यांसाठी म्हणून आले आणि तीन वर्षं राहिले. आता ते घर दुसऱ्या कुणाचं आहे. काकू गेल्या. काका मुलाकडे शॉमबर्गला असतात, तिथे जमीन ताटासारखी सपाट आहे. फोन केला की ते मला तिथलं हवामान सांगतात आणि इथलं विचारतात. दुसरं काही बोलत नाहीत. मीही विषय काढत नाही.

काकांना वेड होतं ते ओरिएंटीअरिंगचं. हा शब्द मला सुरुवातीला धड उच्चारताही येत नव्हता. आईला मी फोनवर सांगितलं होतं की घरमालक लोकांना जंगलात सोडतात आणि परत यायला सांगतात. आई म्हणाली, दुसरं घर बघ. प्रत्यक्षात खेळ साधा आहे. एका हातात नकाशा, दुसऱ्या हातात होकायंत्र. जंगलात ठिकठिकाणी नारिंगी-पांढरी कापडी निशाणं टांगलेली असतात. ती नकाशावरून ठरलेल्या क्रमाने शोधायची, प्रत्येकापाशी लटकवलेल्या चिमट्याने आपल्या कार्डाला भोक पाडायचं आणि परत यायचं. शेवटी एक केळं मिळतं. या केळ्यासाठी शिकलीसवरलेली माणसं रविवारी सकाळी काट्यांतून पळताना मी डोळ्यांनी बघितली आहेत.

काका काउंटीतून, म्हणजे इथल्या जिल्हा प्रशासनातून, निवृत्त झालेले इंजिनिअर. पडलेलं पाणी कुठून कुठे जाईल हे ठरवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. त्यांच्या घराच्या मागेच जंगल सुरू व्हायचं. थोडं वसाहतीच्या मालकीचं, पुढे काउंटीचं, मधून एक ओढा. उंच ट्युलिप पॉप्लर, बीच, ओक अशी झाडं, खाली काटेरी वेलींची जाळी आणि बाराही महिने कुठे ना कुठे चिखल. त्या जंगलाचा नकाशा काकांनी स्वतः चालून चालून काढला होता. दर हंगामात ते तिथे स्पर्धा भरवायचे. निशाणं कुठे लावायची हे ठरवायला आठवडे घ्यायचे, आणि जेवताना मध्येच घास हातात धरून म्हणायचे, "त्या पडक्या ओकच्या मागे लावलं तर फार सोपं होईल का गं?" काकू वाढता वाढता म्हणायच्या, "फार सोपं होईल." त्यांनी तो ओक कधी पाहिलेला नव्हता.

काका मूळचे चिपळूणचे. पावसाला ते हवामान मानतच नसत. स्पर्धेच्या आदल्या दिवशी फोन सुरू व्हायचे. "काका, फोरकास्टमध्ये हेवी रेन दाखवतंय हो. कॅन्सल केलंय का?" काका शांतपणे सांगायचे, "मी आत्ताच बघून आलो. जंगल जागेवर आहे." आणि फोन ठेवायचे. उलट पाऊस असला की त्यांना उत्साह यायचा. ओल्या पानांवर पायांचा आवाज होत नाही, ओढे नकाशावर दिसतात तसे खरोखर वाहायला लागतात, आणि कोण नकाशा वाचतोय आणि कोण पुढच्याच्या पाठीमागे धावतोय ते कळतं, असं त्यांचं म्हणणं. मला एकदा त्यांनी बळजबरीने पाठवलं. मी पहिलं निशाण शोधता शोधता एका बंगल्याच्या अंगणात निघाले आणि तिथल्या कुत्र्याने मला परत जंगलात घालवलं. काकांनी त्या कुत्र्याचं कौतुक केलं.

स्पर्धा संपली की माझे हाल सुरू व्हायचे. कारण सगळी ओली निशाणं वाळायला माझ्या खोलीबाहेर, कपडे धुवायच्या जागेत, दोऱ्यांवर टांगली जायची. माझ्या ऑफिसच्या कुर्त्यांवर ती चार-चार दिवस ठिबकायची. सगळ्या बेसमेंटला कुजलेल्या पानांचा वास यायचा. काका रोज संध्याकाळी खाली यायचे आणि एकेक निशाण गालाला लावून बघायचे. हाताला कोरडं लागलं तरी गालाला ओल कळते म्हणायचे. गालाने पास केल्याशिवाय एकाचीही घडी व्हायची नाही.

एकदा मी वैतागून, मदत केल्यासारखं दाखवत, सगळी निशाणं काढली, घड्या घातल्या आणि पिशवीत भरली. काकांनी सगळी परत बाहेर काढली आणि दोरीवर टांगली. नंतर म्हणाले, "नागपूर," ते मला याच नावाने हाक मारायचे, "ओल्या कापडाची घडी घालायची नाही. आतून कुजतं. पुढच्या वेळी उघडायला जातो आपण आणि हातात चिंधी येते. पुढच्या वेळी लागणार आहे ना हे?"

"लागणार आहे."

"मग?"

पुढे मीसुद्धा माझे टॉवेल गालाला लावून बघायला लागले.

काकू अमरावतीच्या, म्हणजे माझ्याकडच्याच. माझ्याशी बोलताना त्यांची भाषा पाय पसरून बसायची. "काय करून राहिली गं? जेवलीस का?" असं जिन्यावरून विचारायच्या. इतकी वर्षं त्या जंगलाला लागून राहिल्या, पण आत पाऊल टाकलं नाही. साप, गोचिड्या आणि काकांची घाई, या तीन गोष्टींना त्यांचा विरोध होता. पण प्रत्येक स्पर्धेला त्या असायच्या. दोन झाडांना बांधलेला 'फिनिश' असं लिहिलेला पिवळा कापडी फलक, त्याखाली घडीची खुर्ची, खुर्चीत काकू, मांडीवर शाल, पायाशी चहाचा मोठा थर्मास. जंगलातून येणाऱ्या प्रत्येकाला त्या एकच वाक्य बोलायच्या, "आलात? बसा, चहा घ्या." अमेरिकनांनाही मराठीतच. एक उंचच्या उंच निवृत्त अग्निशामक गडी नेमाने यायचा. तो लांबूनच ओरडायचा, "आलो, काकू." त्याचं मराठी तेवढंच होतं आणि अगदी स्वच्छ होतं.

या खुर्चीला काकांच्या लेखी फार महत्त्व होतं. या खेळातला एक नियम सगळीकडे पाळतात. तुम्ही सगळी निशाणं शोधा, अर्धी शोधा, कंटाळून सोडून द्या, पण फिनिशला येऊन आलो म्हणून सांगायचंच. नाहीतर तुम्ही आत पाय मोडून पडलात की घरी जाऊन झोपलात हे कळणार कसं? काका सुरुवातीलाच सगळ्यांना बजावायचे, "हरवणं गुन्हा नाही. न कळवणं गुन्हा आहे."

एका पावसाळी रविवारी एक पुण्याचा गडी परत आलाच नाही. नवीनच होता, कुठल्याशा डेटा सेंटरमध्ये नोकरीला. दुपार कलली, सगळे आले, हा नाही. काका शिट्टी वाजवत जंगलात शिरले. मागून अग्निशामक, मागून आणखी दोघंचौघं. पाऊस कोसळत होता. शेवटी कुणीतरी त्याच्या घरी फोन लावला. बायको म्हणाली, "ते झोपलेत. शूज वेट झाले म्हणून मध्येच रोडला निघाले, मी पिकअप केलं." काकांना जंगलातून बाहेर बोलावून हे सांगितलं. ते थेट पार्किंगमध्ये गेले. गाडी काढली, ओल्या कपड्यांनिशी त्याच्या घरी गेले आणि त्याला तसाच, पायजम्यात, घेऊन आले. पार्किंग रिकामं झालेलं, पाऊस सुरू, आणि फलकाखाली काकू अजून खुर्चीत.

"कळव," काका म्हणाले.

"सॉरी काका, मला माहीत नव्हतं की..."

"मला नाही. तिला."

तो बिचारा पायजम्याचे पाय वर धरून काकूंपुढे उभा राहिला. "आलो," म्हणाला.

"आलात?" काकू म्हणाल्या. "बसा, चहा घ्या. गार झाला असेल."

त्या माणसाने पुढे एकही स्पर्धा चुकवली नाही. त्याला सगळे पायजमा म्हणायला लागले आणि तोही हाकेला ओ द्यायचा.

पण सगळ्यांत शेवटी यायचे ते नेहमी काकाच. माणसं परतली की ते एकटे आत जाऊन निशाणं काढून आणायचे. तोवर काकू खुर्चीतून उठायच्या नाहीत. काका आले की पिशवी त्यांच्यापुढे ठेवायचे आणि म्हणायचे, "सगळे आले." काकू म्हणायच्या, "मग बंद करा." मग फलक उतरायचा. मी होते तेवढ्या वर्षांत त्यांनी एकमेकांसाठी देवळात हात जोडून काही मागितलेलं मी बघितलं नाही. देव दोघंही मानत नसत. त्यांची आरती म्हणायची तर ही एवढीच.

मी राहायला आल्यापासूनच्या तिसऱ्या हिवाळ्यात काकूंना पोटाचा कॅन्सर निघाला. फार पसरलेला होता. औषधं झाली, मग ती थांबवायची ठरली. हॉस्पिसची नर्स घरी यायला लागली. फॅमिली रूममधला सोफा हलवून तिथे वरखाली होणारा पलंग आला. काकांनी तो पलंग अर्धा दिवस हलवून हलवून अशा कोनात लावला की उशीवर डोकं ठेवलं की खिडकीतून घरामागचा लाकडी डेक दिसावा आणि डेकच्या पलीकडे जंगल.

मार्चमधली स्पर्धा आधीच ठरली होती. ती आता होणार नाही असं सगळ्यांनी धरलं होतं. मुलगा शॉमबर्गहून रोज फोन करायचा. एकदा स्पीकरवर त्याचा आवाज मी ऐकला. "बाबा, प्लीज. आता तरी कॅन्सल करा. लोक काय म्हणतील?" काका म्हणाले, "जंगल जागेवर आहे." लोक म्हणायचं ते म्हणतच होते. बायको अंथरुणाला खिळली आहे आणि म्हाताऱ्याला खेळ सुचतोय, हे मी दोन-तीन घरी हळदीकुंकवाच्या चहाबरोबर ऐकलं. खरं सांगायचं तर मलाही राग आला होता. मी काकूंना म्हटलंसुद्धा, "तुम्ही सांगा ना काकांना." काकू हसल्या. "अगं, मीच म्हटलं त्यांना. एकदा सगळ्यांना येताना बघायचं होतं."

काकूंना खुर्चीपर्यंत नेणं शक्य नव्हतं. म्हणून काकांनी फिनिशच घरी आणायचं ठरवलं. सगळा मार्ग नव्याने आखला. शेवटचं निशाण आमच्या अंगणाच्या कडेला, आणि फलक डेकच्या कठड्याला, काकूंच्या खिडकीसमोर. यासाठी वसाहतीच्या असोसिएशनची परवानगी हवी होती. क्लबहाऊसमधल्या मीटिंगला मीच त्यांना ड्राइव्ह करून नेलं. असोसिएशनची अध्यक्ष एक कडक बाई होती, कचऱ्याचा डबा एक दिवस जास्त बाहेर राहिला तर ईमेल करणारी. तिने काकांचा नकाशा उलटा धरून बघितला आणि विचारलं, "इज धिस अ पार्टी?"

"नो," काका म्हणाले. "पीपल विल कम वेट. दे विल टेल माय वाइफ दे आर बॅक. देन दे विल गो होम."

बाईने नकाशा खाली ठेवला. म्हणाली, ठीक आहे, पण फलक त्याच संध्याकाळी उतरला पाहिजे.

त्या रविवारी पाऊस पहाटेच लागला होता आणि तो काही थांबला नाही. काका पिवळा रेनकोट घालून उजाडायच्या आत निशाणं लावून आले. मी काकूंचे केस विंचरून दिले, टिकली लावली, शाल पांघरली. खिडकीची काच वर सरकवली, फक्त जाळी ठेवली. हवा गार होती, पण काकूंना ती हवी होती.

मग माणसं यायला लागली. अंगणाच्या टोकाला झाडांतून एकेक चिखलाचा पुतळा बाहेर पडायचा, गवतावरून घसरत यायचा, डेकच्या पायऱ्या चढायचा आणि खिडकीशी वाकायचा. "आलो, काकू." "आले, काकू." आतून बारीक आवाजात उत्तर यायचं, "आलात? बसा, चहा घ्या." चहा मी देत होते. कुणीतरी आपल्या लहान मुलीला उचलून खिडकीशी धरलं. ती म्हणाली, "आजी, आय फाउंड ऑल ऑफ देम." काकू म्हणाल्या, "शाब्बास गं बाई." पायजमा आला, जाळीला हात लावून उभा राहिला. काकूच म्हणाल्या, "या वेळी वेळेत आलात." अग्निशामक सगळ्यांत शेवटी आला, गॅरेजच्या मागे जाऊन रडला आणि तोंड धुऊन केळं खाल्लं. एवढ्या माणसांना एकाच दिवशी, एकाच आवाजात निरोप देताना मी दुसरं कुणाला बघितलेलं नाही.

सगळे गेल्यावर काका निशाणं आणायला आत गेले. काकू थकल्या होत्या, पण झोपायला तयार नव्हत्या. दिवेलागणीला काका परत आले, पिशवी डेकवर ठेवली, खिडकीशी वाकले.

"एक राहिलं गं," म्हणाले. "ओढ्यापलीकडचं. पाणी चढलंय फार."

"मग उद्या आणा," काकू म्हणाल्या आणि डोळे मिटले.

त्यामुळे फलक उतरला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी काका गेले आणि तासाभराने हात हलवत परत आले. "सापडलं नाही." तिसऱ्या दिवशी तेच. पाऊस थांबत होता, पडत होता. ओढा उतरला. काका रोज दुपारी रेनकोट घालून खिडकीसमोरून जायचे, काकूंना हात करायचे, झाडांत दिसेनासे व्हायचे. परत आले की काचेवर टकटक करून सांगायचे, "नाही सापडलं. उद्या बघतो."

मी घरून काम करत होते, त्यामुळे हे रोज बघत होते. नर्सने मला आणि मुलाला बाजूला घेऊन सांगितलं होतं की फार दिवस नाहीत, कदाचित हा आठवडा निघणार नाही. मुलगा येऊन राहिला, आठवडा निघाला, दुसरा निघाला, त्याला कामासाठी परत जावं लागलं. काकू काहीच खात नव्हत्या. दुखणं औषधाला दाद देईनासं झालं होतं. सकाळभर गुंगीत असायच्या, पण दुपारी काकांच्या जायच्या वेळेला डोळे उघडायच्या आणि ते परत येईपर्यंत खिडकीकडे बघत राहायच्या. फोनवर सगळे म्हणायचे, काय विलपॉवर आहे काकूंची. फलकावरून असोसिएशनचं पत्र आलं. मग एक दिवस ती अध्यक्ष बाई स्वतः छत्री घेऊन अंगणाच्या कडेला आली, फलकाकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं, आणि आली तशी परत गेली. पुन्हा पत्र आलं नाही.

एका दुपारी काका नुकतेच जंगलात गेले होते. मी काकूंच्या ओठांना ओल्या बोळ्याने पाणी लावत होते. त्यांनी माझं मनगट धरलं.

"तुला खरंच वाटते का गं, यांना सापडून नाही राहिलं?"

मी बोळा वाटीत ठेवला.

"घरात यांना चमचा सापडत नाही. पण त्या जंगलात टाचणी टाकली तर उचलून आणतील." त्या थांबून थांबून बोलत होत्या. "पहिल्या दिवशीच समजलं मला. शेवटचं आलं नाही तोवर मी उठत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. म्हणून आणत नाहीत. आणि ते जातात म्हणून मीही वाट बघत राहाते. असं चाललंय आमचं."

बाहेर पाऊस परत सुरू झाला होता.

"आता मला बसवत नाही गं," काकू म्हणाल्या. "फार दुखते. तू सांग त्यांना, आणा म्हणावं. मी सांगितलं तर त्यांना वाटेल मीच कंटाळले त्यांना."

दुसऱ्या दिवशी नर्स असताना मी काकांबरोबर निघाले. त्यांनी का म्हणून विचारलं नाही. झाडांत शिरल्यावर ते नेहमीसारखं बोलायला लागले, हा उतार बघ, पाणी इथून कसं वळतं बघ, ही पानं मार्चमध्ये सगळ्यांत आधी वर येतात. मी मागून चालत होते, चष्म्यावर पाणी, बुटांत पाणी. कसं सांगायचं ते मला सुचत नव्हतं, म्हणून सरळच सांगितलं.

"काका, काकूंनी निरोप दिलाय. निशाण आणा म्हणाल्या."

ते चालत राहिले. मला वाटलं ऐकू गेलं नाही. मग चाल बदलली. इतका वेळ रमतगमत चालले होते ते सरळ डावीकडे वळले आणि नकाशा न काढता, होकायंत्र न बघता चालायला लागले. ओढ्यापर्यंत गेलोच नाही आम्ही. ओढ्याच्या अलीकडेच, घरापासून हाकेच्या अंतरावर, एक मोठा बीच मुळांसकट उन्मळून पडला होता. त्या मुळांच्या आडोशाला निशाण टांगलेलं होतं. त्याच्यासमोर पडलेल्या खोडावर एका माणसाला बसता येईल एवढ्या जागेचं शेवाळ घासून गेलं होतं आणि खाली चिखल बुटांनी तुडवून तुडवून गुळगुळीत झाला होता. दोन आठवडे रोज दुपारी काका इथे येऊन बसत होते.

आताही बसले. रेनकोटवर पाऊस वाजत होता.

"आजचा दिवस राहू दे," म्हणाले. "उद्या नेऊ."

"काका, त्या दमल्यात."

"उद्या नक्की."

"फार दुखतंय त्यांना."

इतक्या वर्षांत कुणापुढे नियमाच्या बाबतीत कधी न नमलेला हा माणूस माझ्याकडे, एका भाडेकरू मुलीकडे, एक दिवस मागत होता. माझ्या हातात असता तर मी वर्ष दिलं असतं. मला रडू फुटलं. ते बघून ते उठले. गाठ सोडायला गेले, पण बोटं गारठली होती की काय, सुटेना. मी हात पुढे केला तर म्हणाले, "नको. मीच लावलंय." बऱ्याच वेळाने गाठ सुटली. त्यांनी निशाण पिळलं नाही, झटकलं नाही, तसंच छातीशी धरून आणलं.

आम्ही परतलो तेव्हा काकूंची नजर जंगलाच्या कडेलाच होती. नर्सने खिडकी वर केली. काकांनी निशाण जाळीसमोर धरलं.

"आलो गं."

"आलात?" काकू म्हणाल्या. "बसा, चहा घ्या." मग थोडा श्वास घेऊन, "सगळे आले?"

काकांनी निशाण खिडकीखाली ठेवलं. "सगळे आले," म्हणाले.

"मग बंद करा."

त्यांनी डोळे मिटले. काका खिडकीशी तसेच उभे राहिले, काकूंची छाती वरखाली होतेय ना ते बघत. होत होती. काकूंचं जाणं आणखी थोडं पुढे होतं, पण त्या दुपारनंतर त्यांनी खिडकीकडे बघितलं नाही.

मग काका कठड्याकडे वळले आणि फलकाच्या दोऱ्या सोडायला लागले. मी पलीकडचं टोक धरलं. इतके दिवस पावसात राहून तो जड झाला होता. चादर धरतात तसा आम्ही दोघांनी ताणून धरला. त्यातून डेकवर पाणी गळत होतं. मला वाटलं आता खाली नेऊन दोरीवर टाकायला सांगतील. मी बेसमेंटच्या दिशेने एक पाऊल टाकलंही.

काकांनी आपल्या बाजूचं कापड उचलून गालाला लावलं. सवयीने लावलं असेल. बराच वेळ गाल तसाच ठेवला. मग माझ्याकडे चालत आले, टोकाला टोक जुळवलं, हाताने दाबून नीट घडी घातली आणि ती पिशवीत ठेवून चेन ओढून घेतली.